वाकड्या पात्याला सरळ गाईड

साहेब, वामन पांचाळला तुम्ही बुडवलंत. रागाच्या भरात नाही, चुकून नाही, वरून हुकूम आला म्हणून तर नाहीच. थंड डोक्याने बुडवलंत. तुमचं नाव मी इथे घालत नाही. नाव घातलं की लोक नावाभोवतीच फिरत बसतात. वाचलंत की तुम्हाला कळेल, तेवढं मला पुरे.

त्या सकाळी तुम्ही कारखान्यात आलात तेव्हा वामन कटरवर सागाची फळी फाडत होता. कारखाना म्हणजे जेलच्या आतली सुतारकामाची शेड, आणि कटर म्हणजे आमचं टेबलाचं मशीन. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि उजव्या हाताला ती लांब लोखंडी पट्टी, जिला लाकूड टेकवून पुढे सारायचं. तिला आम्ही गाईड म्हणायचो. मी पलीकडे उभा राहून फाडलेल्या पट्ट्या ओढून घेत होतो. मुख्यालयातून मोठे साहेब तपासणीला येणार होते म्हणून सगळीकडे रंग चालला होता. मशीनला हिरवा, जमिनीवर पिवळे पट्टे, कुंड्यांना गेरू.

वामनने मशीन बंद केलं. तुम्ही टेबलाच्या टोकाशी आलात आणि एक डोळा मिटून बघितलंत.

"हे गाईड वाकडं आहे."

"हाय साहेब," वामन म्हणाला.

"हाय म्हणजे?"

"वाकडंच लावलंय. आमीच लावलंय."

"का?"

"पातं वाकडं बसलंय म्हणून. पात्याची मागची बाजू गाईडकडं झुकलीय. अर्धं सूत, जाड दोऱ्याएवढं. म्हणून गाईड बी तेवढंच तिरकं केलं. आता दोघं एकमेकाला बरोबर हायत. टेबलाला बरोबर नाहीत, ते सोडा."

"मग पातं सरळ करा."

"पाना द्या."

"पाना मिळणार नाही."

"मग गाईड वाकडंच राहील."

तुमच्या मागे उभे असलेले खिलारे हवालदार खोकले. हा खोकला वामनसाठी होता. बोलायच्या भरात त्याचं साहेब म्हणायचं राहून जायचं, आणि तुमचं लक्ष नेमकं तिकडेच असायचं.

पान्याची गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटणार नाही म्हणून सांगतो. कुठल्याशा दुसऱ्या जेलमध्ये कुणी खिडकीचे बोल्ट पान्याने सोडवले होते. तेव्हापासून वरून आदेश, की कैद्याच्या हाती पाना द्यायचा नाही. आमच्या हातात पटाशी होती, हातोडी होती, करवत होती, मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं होतं. हे सगळं चालायचं. पाना चालायचा नाही. पातं बदलायला बाहेरून मिस्त्री यायचा, आणि मागच्या खेपेला त्यानेच टेबलाखालचे चार बोल्ट सैल करून पातं फिरवणाऱ्या मोटारीची बैठक हलवली आणि तशीच आवळून निघून गेला. त्याला परत बोलवा म्हणून आम्ही तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, मंजुरी नाही. परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, लाकडं मुद्दाम जाळता आणि नाव मशीनचं सांगता.

लाकडं जळत होती हे खरं. फळी पात्यातून अर्धी पुढे गेली की मागचे दात तिला गाईडवर दाबायचे. पातं गुरगुरायचं, धूर यायचा, कापलेल्या बाजूवर काळे चट्टे उठायचे. एकदा फळी सुटून उलटी आली आणि वामनच्या बरगडीला घासून गेली. तेव्हापासून तो मशीनच्या मागे लागला.

वामनबद्दल लोकांना गोड वाटेल असं मला काही सांगता येणार नाही. उदगीरकडचा पांचाळ, घरात पिढ्यान् पिढ्या सुतारकी, आणि त्याची त्याला भलती घमेंड. शेतातल्या बांधावरून भांडण झालं आणि चुलत्याच्या डोक्यात टिकाव घातला, त्याची शिक्षा भोगत होता. मी कशासाठी आत होतो ते मी सांगत नाही. भोगली, संपली. मी आत येईपर्यंत खिळा कधी सरळ ठोकला नव्हता आणि वामन ही गोष्ट मला एक दिवस विसरू द्यायचा नाही.

"इंगोले, तू माणूस हायस का खुंटी?" असं त्याचं चालायचं. "धर म्हटलं की धरतोस, सोड म्हटलं की सोडतोस. डोकं टोपीसाठीच दिलंय व्हय?"

पातं कुठे वाकडं आहे हे शोधायला मात्र त्याला ही खुंटीच लागली. टेबलात एक लांब खाच असते, पात्याच्या बाजूने जाणारी. त्या खाचेत घट्ट सरकेल अशी पट्टी वामनने केली आणि तिच्या टोकाला एक खिळा ठोकला. पात्याच्या एका दाताला मी खडूने खूण केली. तो दात पुढे आणून खिळा त्याला जेमतेम टेकवला. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेला, पट्टीही मागे सरकवली. पातं खाचेला समांतर असेल तर खिळा तिथेही तसाच टेकायला हवा. मागे त्यात आणि दातात फट पडली. खाच डावीकडे, म्हणजे पातं मागे उजवीकडे गेलेलं.

"बघ," वामन म्हणाला. "बघ त्या नालायक मिस्त्रीनं काय करून ठेवलंय."

"मग गाईडच तेवढं तिरकं केलं तर?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. ती कल्पना त्याला सुचायला हवी होती आणि मला सुचली, याचा त्याला राग आला. दुपारपर्यंत मला भुसा झाडायला लावला. दुपारी त्याने टूथपेस्टच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून गाईडच्या बैठकीत सारला, वर हाताचा नॉब आवळला, आणि फळी घातली. धूर नाही, गुरगुर नाही. कापलेल्या बाजूवरून हात फिरवला तर रंधा मारल्यासारखी.

"चालतंय," एवढंच म्हणाला. आडवी कापायची लाकडं आम्ही हातकरवतीवर कापत राहिलो, कारण ती गाईडला नाही, खाचेत सरकणाऱ्या आधाराला टेकवून कापतात आणि तिथे पुठ्ठ्याचा इलाज नव्हता. पण कोर्टासाठी बाकांची ऑर्डर होती ती नीट निघायला लागली.

हे सगळं तुम्हाला त्या सकाळी आम्ही सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बघितलंत, गाईडकडे बघितलंत.

"मोठ्या साहेबांना हे दिसणार," तुम्ही म्हणालात. "शेडमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या दिसणार. हे सरळ झालं पाहिजे."

"दिसायला सरळ केलं तर फळी मागं येईल," वामन म्हणाला.

"येणार नाही. हळू चालव."

संध्याकाळी वेल्डिंगवाला आला. गाईड टेबलाच्या पुढच्या कडेशी काटकोनात धरून त्याने ते ज्या रुळावर सरकतं तिथे वेल्डिंगचे दोन टाके मारले, म्हणजे कुणी परत तिरकं करू नये. त्या टाक्यांवर हिरवा रंग मारला. वामन लांब उभा राहून बघत होता. एरवी शिव्या देणारा माणूस, पण तोंडातून शब्द काढला नाही.

कारण त्याचं नाव यादीत होतं.

यादी म्हणजे खुल्या जेलची. भिंत नसते, शेती असते, शिक्षाही लवकर संपते. पण वामनला शिक्षेची घाई नव्हती, बायकोची होती. गयाबाई जन्मापासून ऐकू न येणारी. जेलची मुलाखत म्हणजे मध्ये जाड काच आणि दोन्ही बाजूंना फोन. बाकीचे फोन कानाला लावून बोलायचे. ही दोघं फोन खाली ठेवून बसायची. ओठांवरून तिला त्याचं बोलणं कळायचं, पण काच इतकी ओरखड्यांची आणि तेलकट की ओठ नीट दिसायचे नाहीत. ती काच पुसायची. ओरखडे आतल्या बाजूला, ती पुसायची बाहेरून. माझी बहीण शेजारच्या काचेवर यायची म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलंय. वामन एकच गोष्ट परत परत बोलायचा, ती मान हलवायची, आणि वेळ संपायची. वेळ संपल्यावर तो मला सांगायचा, "तिला अर्धं बी कळलं नाही. उगं मान हलवती."

खुल्या जेलमध्ये मुलाखत झाडाखाली होते. समोरासमोर. एवढ्यासाठी तो माणूस वर्षानुवर्षं जीभ आवरून होता. वर्तणूक चांगली, कामाला नकार नाही, भांडण नाही. समिती बसायची बाकी होती. तुम्हाला हे माहीत होतं, कारण त्याची शिफारस तुमच्याच सहीने गेली होती.

तपासणीच्या दिवशी जेवताना मी त्याला म्हटलं, "नकार देऊ नकोस."

"मी कुठं नकार द्यायलोय? पातळ फळी घेतो, वाळलेली. पातं खाली उतरवतो, हळूच सारतो. भुसा उडाला की साहेब लोक खूश. तू फक्त पलीकडून ओढू नको, येड्यासारखं."

"आणि अडकली तर?"

"अडकली तर बंद करतो. समितीला माझं नाव पक्कं करू दे, मग ह्या मशीनची मी आरती करतो."

दुपारी मोठे साहेब आले. अंगाने भरलेले, बोलायला मवाळ. बाजूला टेबलावर शहाळी, बिस्किटं, हार. वामनने आपली पातळ फळी टेबलावर ठेवली. तुम्ही ती उचलून बाजूला केलीत.

"ही नको. ती घे."

ती म्हणजे दोन इंची साग, ओल अजून अंगात असलेला. वामनने ती घेतली. मशीन सुरू करायला हात नेला आणि सहज मागे बघितलं. मोठे साहेब त्याच्या बरोबर मागे उभे होते. फळी उलटी आली तर जिथे जाईल, तिथे, पोटावर हात बांधून.

मी पलीकडून मान हलवली. नको बोलूस.

"साहेब," वामन म्हणाला, "जरा डावीकडं सरकता का."

"का रे?"

"सर, तो घाबरलाय, तुम्हाला बघून," तुम्ही म्हणालात.

"का रे, काय झालं?" मोठ्या साहेबांनी परत विचारलं. माणूस खरंच विचारत होता.

वामनने फळीकडे बोट दाखवलं. "फळी मागं येऊ शकती."

"नेहमी येते?"

"न्हाई. आज येईल."

"आज कशी?"

"गाईड सरळ केलंय म्हणून."

सगळे हसले. मोठे साहेबही हसले, खिलारेही हसले. तुम्ही सगळ्यात शेवटी हसलात.

"सर, ही यांची नेहमीची कारणं. काम टाळायला काहीही सांगतात. चालव रे."

"साहेब तिथून सरकले की चालवतो."

"तू हलवणार मोठ्या साहेबांना?"

वामनने फळी टेबलावर ठेवली. दोन्ही हात मागे घेतले. "मग आत्ता न्हाई चालवत."

हा त्याचा नकार. साहेब, नीट आठवा. मशीन चालवणार नाही, असं तो म्हणाला नाही. मागे उभा असलेला माणूस मरू नये एवढंच म्हणाला.

"इंगोले, तू ये," तुम्ही म्हणालात.

मी आलो. आणि हेही सांगून टाकतो, मला ते व्हायला हवं होतं. तुमच्या सरळ गाईडचं काय होतं ते सगळ्यांनी बघावं, असं माझ्या मनात होतं. मोठे साहेब तेवढ्यात हसत हसतच दोन पावलं डावीकडे सरकले होते. वामनचं बोलणं त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांचे पाय शहाणे होते. मी बाजूला उभा राहिलो आणि काठीने फळी पुढे रेटली. निम्म्यात गेल्यावर पातं गुरगुरलं. धूर आला. फळीचं मागचं टोक उचललं गेलं, आणि मग ती माझ्या कमरेजवळून गेली. दिसली नाही, फक्त वारा लागला. शहाळ्यांचं टेबल आडवं झालं. खिलारे जमिनीवर पडले होते, त्यांना काही लागलं नव्हतं, ते आपणहून पडले होते. एक शहाळं गडगडत पिवळ्या पट्ट्यावरून दारापर्यंत गेलं.

मोठे साहेब म्हणाले, "बघून घ्या हे जरा," आणि पुढच्या शेडकडे निघाले. त्यांच्यासाठी ते तिथे संपलं.

तुम्ही बघून घेतलंत. दोन कैद्यांनी संगनमत करून वरिष्ठांच्या जिवाला धोका निर्माण केला. एकाने नकार द्यायचा, दुसऱ्याने फळी उडवायची. आम्हाला वेगवेगळ्या कोठडीत टाकलंत. मला शिक्षा केलीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या मनात खोट होती. वामनच्या मनात काय होतं?

कोठडीतून बाहेर आल्यावर मला परत शेडमध्ये पाठवलं, कारण कोर्टाची बाकं अडली होती. वामनला भटारखान्यात टाकलं होतं, पोळ्या लाटायला. मी कटरवर एकटा. भीत भीत फळी घातली. ती लोण्यातून गेल्यासारखी गेली.

मला वाटलं, काहीतरी चुकतंय. दुसरी घातली. तीही तशीच. मग मी खाली वाकून बघितलं. बोल्टांच्या डोक्यांवरचा नवा हिरवा रंग फुटला होता आणि खालचं लोखंड चमकत होतं. गाईडवरचे टाके घासून काढलेले. वामनची खिळ्याची पट्टी भुशात पडली होती, ती काढली, दाताला खडू लावला. खिळा पुढे टेकला. मागे नेला, तिथेही टेकला. तेवढाच.

"हवालदार," मी खिलारेंना विचारलं, "इथं कोण आलं होतं?"

ते दाराकडे बघत म्हणाले, "बाहेरचा मिस्त्री. साहेब सोता हुबं होतं. गेटवरनं पाना मागवला."

"कधी?"

"तुमास्नी कोठडीत टाकलं, त्याच्या दुसऱ्याच दिशी." मग म्हणाले, "मी काय बोललो न्हाई."

"समिती कधी बसली?"

"त्यानंतर. वामनचं नाव गाळलं. तुला ठाव न्हाई व्हय?"

तुम्ही संध्याकाळी राउंडला आलात तेव्हा मी विचारलं. तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो.

"साहेब, पातं सरळ झालंय."

"ते आधीपासून सरळच होतं."

"बोल्टांचा रंग फुटलाय."

"इंगोले, तुझी शिक्षा अजून संपलेली नाही. काम कर."

रविवारी पाण्याच्या हौदाशी वामन भेटला. हातांना पीठ. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो पेटेल. त्याने आधी विचारलं, "आता कसं कापतंय?"

"चांगलं."

"आडवं बी?"

"आडवं बी."

तो हात धूत राहिला. पीठ नखात गेलेलं निघत नव्हतं. "च्या मायला," तो म्हणाला, "चार बोल्टाचं काम होतं."

पुढच्या मुलाखतीला तिला नाव गाळल्याचं सांगायला त्याला पूर्ण वेळ लागला आणि तरी ती मान हलवत, हसत परत गेली. तिला वाटलं, नाव लागलं. एसटीतून गावाला पोचल्यावर दिराने तिला समजावलं. हे वामनला पुढच्या मुलाखतीला कळलं. त्यानंतर त्याने समितीसाठी पुन्हा अर्ज केला नाही. पूर्ण शिक्षा भोगून सुटला.

मी पुष्कळ वर्षं तुमच्या बाजूने विचार करून बघितला. नोकरी होती, वर जाब द्यायचा होता, शहाळी सांडली होती. तपासणीच्या दिवशी तुम्हाला कळलं नव्हतं, असंही धरतो. माणसाला नाही कळत. पण मिस्त्रीने बोल्ट सैल केले आणि बैठक सरकली, ती तुमच्या डोळ्यांसमोर सरकली. तिथे तुम्हाला कळलं. वामन खरं बोलत होता, त्याने मोठ्या साहेबांना वाचवलं होतं, हे त्या जेलमध्ये सगळ्यात आधी तुम्हाला कळलं. आणि त्यानंतर समिती बसली. तुम्ही त्या खोलीत होतात. कुणी तुम्हाला माफी मागायला सांगत नव्हतं. तुम्ही चुकलात असंही म्हणायची गरज नव्हती. मशीनमध्ये दोष होता, एवढे तीन शब्द. मशीनवर ढकलायचं होतं सगळं, मशीनला कुठे बायको होती.

तुम्ही गप्प का बसलात?

मला सांगू नका. मला तुमचं उत्तर नको. उदगीरच्या अलीकडे फाट्यावर पत्र्याचं दुकान आहे, वामन तिथे दारं-खिडक्या करतो. तुम्ही आता रिटायर आहात, वेळ आहे, गाडी आहे. जा तिथे. तो कामात असेल, मान वर करणार नाही, थांबा. गयाबाई तिथेच असते, फळ्यांना पॉलिश करते. तिच्यासमोर उभं राहा, उजेडात, आणि ओठ नीट हलवून सांगा, त्या खोलीत तुम्ही का बोलला नाहीत.